लिस्बनच्या चढणीचा सराव

मे महिना अर्धा सरला, की शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गमध्ये लायलॅक फुलतो. पाच-सहा महिने कुंपणाशी नुसत्या काड्या उभ्या असतात, आणि एका सकाळी गाडीची काच खाली केली की तो गोडसर, थोडा जुन्या अत्तरासारखा वास आत येतो. हिवाळ्याचे कोट कपाटात जातात, सूटकेसेस तळघरातून वर येतात, आणि लोक एकमेकांना विचारू लागतात, "ह्या समरला कुठे?"

परवा ऑफिसमध्ये प्राजक्तानं मला गाठलं. ती पुण्याची, दोन वर्षांपूर्वी इथे आलेली. "अंजलीताई, आम्ही सप्टेंबरमध्ये लिस्बन करतोय. सासूबाई आहेत, छोटा आहे. तुम्ही म्हणे आईंना घेऊन गेला होतात. मला प्लीज टिप्स द्या ना, अगदी प्रॅक्टिकल."

मी म्हटलं, "पहिली टीप बुटांची. जुने, पायात बसलेले बूट घाल आणि सासूबाईंनाही आत्तापासून घालायला लाव."

एवढं बोलले आणि दोन हजार पाचचा तो उन्हाळाच समोर उभा राहिला. नऊवारीच्या वळणाची पण सहावारी साडी, खाली पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज, आणि पार्कातल्या टेकाडावर चढणारी आई.

माझी आई वसईची. तिथल्या शाळेत तिनं एकतीस वर्षं इतिहास शिकवला. गावात तिला सगळे राऊतबाई म्हणतात. आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर पोर्तुगीजांचा किल्ला होता. त्यातली छप्पर उडालेली चर्चं, भिंतीत घुसलेले वड, खाडीकडून येणारा खारा वारा. दरवर्षी ती मुलांना तिथे न्यायची आणि चिमाजीअप्पाच्या स्वारीचा पाठ तटावर उभी राहून शिकवायची. पण पाठ संपला तरी तिचं संपायचं नाही. हे लोक कुठल्या गावाहून निघाले असतील, त्यांच्या आया त्यांना सोडायला कुठपर्यंत आल्या असतील, असले प्रश्न ती मुलांना विचारायची. परीक्षेत न येणारे प्रश्न म्हणून आम्ही ते सोडून द्यायचो.

त्या वर्षी एप्रिलमध्ये ती सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. विमानतळावर तिला घ्यायला गेले तेव्हा ती लोकांच्या ट्रॉल्यांवर धडकतच बाहेर आली. मला वाटलं, प्रवासानं दमलीय. दुसऱ्या दिवशी चहा पिताना तिनं शांतपणे सांगितलं, "अंजू, डाव्या डोळ्यानं आता दिसत नाही. काचबिंदू. उजव्याला मधली खिडकी शाबूत आहे. समोरचं दिसतं, कडेचं नाही. पायाखालचं तर नाहीच."

"आणि तू हे फोनवर सांगितलं नाहीस?"

"सांगून तू काय करणार होतीस? थेंब मीच घालते." मग कपातलं शेवटचं पिऊन म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, वर्ष, फार तर दीड वर्ष. मला त्याच्या आत लिस्बन बघायचंय."

मी हसले होते, हे मला अजून आठवतं आणि अजून लागतं. मी म्हटलं, "आई, ते गाव म्हणजे सगळे चढ-उतार. गुळगुळीत दगडाचे रस्ते. नीट दिसणारी माणसं घसरतात तिथे."

"मग सराव करू," ती म्हणाली.

आता सराव करणार कुठे? आमचं गाव पोळपाटासारखं सपाट. ऑफिसं, पार्किंग लॉट, मॉल, पुन्हा पार्किंग लॉट. मैलोन् मैल गाडी चालवा, गिअर बदलायला लावणारी एक चढण लागत नाही. माझा नवरा मिलिंद मॉलच्या पार्किंगच्या बहुमजली रॅम्पचं सुचवून मोकळा झाला. आम्ही दोन रविवार तिथे गेलोही. वर येणाऱ्या गाड्यांतले लोक काचा खाली करून विचारायचे, "यू ओके, मॅम?" आई त्यांना हात करायची.

उत्तर शेवटी इरानं शोधलं. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. पार्कात हिवाळ्यात मुलांनी घसरगाडीवरून घसरावं म्हणून मातीचं एक टेकाड रचलेलं होतं. उन्हाळ्यात त्याच्याकडे कोणी बघत नसे. इरा म्हणाली, "आजी, देअर्स द स्लेडिंग हिल."

मग जूनपासून रोज संध्याकाळी जेवणाआधी आम्ही तिघी टेकाडावर. कापलेल्या गवताचा हिरवा, ओला वास. शेजारच्या मैदानावर बेसबॉलचा सराव, बॅटचा टणत्कार. दमट हवेत आईच्या ब्लाउजची पाठ भिजून जायची. डाव्या हातात काठी, उजवा हात इराच्या खांद्यावर. इरा पुढचं सांगायची, "बंप, आजी. स्टेप अप. नाऊ इट्स फ्लॅट."

आईनं दुसऱ्याच दिवशी तिला थांबवलं. "हे बघ, मी घाबरले की मला इंग्रजी समजत नाही. मराठीत सांग. हा चढ. हा उतार. ही पायरी. हा खड्डा. हे सपाट."

"चड," इरा म्हणाली.

"चढ. ढगातला ढ."

सहा महिन्यांत मराठी शाळेनं जे केलं नव्हतं ते त्या टेकाडानं केलं. ऑगस्टपर्यंत इरा "आजी, निसरडं आहे, काठी आधी टेक" असं सलग बोलत होती. मी मागून पाण्याची बाटली घेऊन चालायचे आणि मनात म्हणायचे, जाणं जमलं नाही तरी एवढं तर झालं. खरं सांगायचं तर जाणं जमू नये असंच मला आतून वाटत होतं. ती पडेल, हाड मोडेल, परक्या गावात मी एकटी काय करीन, ह्या भीतीला मी प्रॅक्टिकल विचार असं नाव दिलं होतं.

मिलिंदच्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह, म्हणजे सिस्टिम प्रत्यक्ष सुरू होणं, नेमकं सप्टेंबरात आलं. त्याचं येणं कॅन्सल झालं. मी म्हटलं, "मग पुढच्या वर्षी बघू." आईनं मान हलवून नकार दिला. तिचं पुढचं वर्ष माझ्या पुढच्या वर्षासारखं नव्हतं.

मग व्हिसाचं निघालं. आमचं ग्रीन कार्ड नुकतंच आलं होतं, इरा इथलीच, त्यामुळे आमचं सोपं होतं. आई मात्र पाहुणी म्हणून आलेली. पोर्तुगालच्या व्हिसाच्या कचेरीतून फोनवर सांगितलं, पाहुण्यांनी आपल्या देशातून अर्ज करायचा असतो, क्वचित अपवाद करतो, पण तसं कारण लागेल. मी फोन ठेवला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आईला निरोप सांगितला तर ती म्हणाली, "कारण आहे की. कागद दे."

डायनिंग टेबलावर खिडकीकडे तोंड करून ती तीन दिवस लिहीत होती. ओळ सुटू नये म्हणून कागदावर पट्टी ठेवायची, एक ओळ झाली की पट्टी खाली सरकवायची. मी टाइप करून देते म्हटलं तर नको म्हणाली. इंग्रजी साधं, शाळेतलं, अक्षर फळ्यावरच्यासारखं ठसठशीत. मी एकतीस वर्षं मुलांना तुमच्या गलबतांविषयी शिकवलं, असं तिनं लिहिलं होतं. ज्या बंदरातून ती निघाली ते मी नकाशावर काठी ठेवून दाखवलं. परतीच्या वाटेवर आठ दिवस मला ते पाहायचं आहे. आणि मग एक वाक्य होतं, माझे डोळे मुंबईहून अर्ज करण्याइतका वेळ थांबणार नाहीत.

"हे वाक्य काढ," मी म्हटलं. "गयावया केल्यासारखं वाटतं."

"गयावया कुठे आहे त्यात? अर्जात कारण विचारलंय, मी कारण लिहिलंय."

वाक्य राहिलं. निघायच्या चार दिवस आधी पासपोर्ट परत आला. आत शिक्का होता. मी स्वयंपाकघरात तिखटमिठाच्या पुऱ्या लाटत होते. आईनं पासपोर्ट उजव्या डोळ्यापाशी नेला, शिक्क्याच्या चारी कडा बघितल्या आणि म्हणाली, "बुटांना नवीन नाड्या घ्यायच्या आहेत."

ऑफिसात प्राजक्ता वहीत उतरवून घेत होती म्हणून मी तिला कामाचं तेवढं सांगितलं. उतरायचं ते नदीजवळच्या सपाट भागात, टेकडीवर नाही. टेकडीवरच्या हॉटेलचे फोटो सुंदर असतात, पण रोज संध्याकाळी दमून तिथे चढायचं कुणी? लिफ्ट आहे का हे विचारायचं, आणि लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत हेही विचारायचं. प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. सकाळी एक ठिकाण, दुपारी झोप, उन्हं कलल्यावर दुसरं. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. ट्राममध्ये म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा हवी असेल तर पहिल्या थांब्यावर जाऊन सकाळी लवकर चढायचं. जेवणं तिकडे उशिरा, मूल भुकेनं रडेपर्यंत वाट बघायची नाही, पुऱ्या बरोबर ठेवायच्या. टेबलावर न मागता पाव आणि ऑलिव्ह आले आणि नको असले, तर लगेच परत घ्यायला सांगायचं.

आणि टोपी. फुटपाथ पांढऱ्या दगडांचे आहेत, ऊन त्यांच्यावरून उलटं डोळ्यांत येतं. हे मला आई सांगेपर्यंत कळलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती हॉटेलच्या दाराबाहेर आली आणि जागच्या जागी उभी राहिली. "अंजू, सगळं पांढरं झालं." मी तिथेच परत फिरायला निघाले होते. इरानं आपली बेसबॉलची टोपी काढून आजीच्या डोक्यावर ठेवली, कपाळावर खाली ओढली. आई म्हणाली, "आता आहे. चला."

दुसऱ्या दिवशी आम्ही बेलेमच्या मठाच्या चर्चमध्ये गेलो. आत गार, अंधुक, दगडी खांब ताडाच्या झाडांसारखे वर जाऊन फाकलेले. दाराशीच वास्को द गामाची कबर. आई तिच्यासमोर पुष्कळ वेळ उभी राहिली. तिच्या खिडकीत एका वेळी कबरीचा एकच तुकडा मावत होता. इरा हळू आवाजात सांगत होती, जहाज आहे, शिडं आहेत, वर तो झोपलाय, हात जोडलेत.

"आजी, वॉज ही अ गुड गाय?"

"दर्यावर्दी मोठा होता," आई म्हणाली. "माणूस म्हणून कसा, ते ज्यांची जहाजं त्यानं जाळली त्यांना विचारायला हवं. दोन्ही लिहायचं असतं, इरा. एकच लिहिलं तर अर्धे मार्क."

बाहेर नदीवर वारा होता. नदी तिथे इतकी रुंद, की समुद्रच वाटते. आई कठड्याला धरून उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. किल्ल्यावर मुलांना विचारलेला तो प्रश्न, सोडायला आलेल्या आयांचा, तो ती स्वतःलाच विचारत असावी असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी ती पडली.

जुन्या वस्तीतली अरुंद गल्ली होती. वर दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले, कुठेतरी मासे भाजल्याचा धूर. मी रस्ता शोधायला नकाशात डोकं घातलं होतं, इराला म्हटलं, "नकाशाचं हे टोक धर जरा." तेवढ्या क्षणात आईनं एकटीनं पाऊल टाकलं. दगड ओला होता. ती गुडघ्यावर आली, मग हातावर. काठी खडखडत खाली गेली.

समोरच्या दारातून एक म्हातारी बाई बाहेर आली. काळा झगा, आईच्याच वयाची. काही न विचारता तिनं आतून खुर्ची आणली, आईला बसवलं, परत आत जाऊन पाण्याची बादली आणली. गुडघा चांगला सोलवटला होता, साडीला रक्त लागलं होतं. म्हातारी आपल्या भाषेत काहीतरी विचारत होती आणि हातानं चोळून दाखवत होती. शब्द आला, "साबांउ?"

आईनं मान वर केली. "साबण?"

"साबांउ," बाई म्हणाली आणि साबणाची वडी दाखवली.

आईनं बादलीकडे बोट केलं. "बालदी."

"बाल्द," म्हातारी म्हणाली. तिचे डोळे बारीक झाले. तिनं खांद्यावरचा पंचा काढून धरला. "तुआल्या."

"टुवाल," आई म्हणाली.

मग त्या दोघी थांबेचनात. म्हातारी आत-बाहेर करत एकेक वस्तू आणून दाखवू लागली. दाराची चावी. टोपलीतला पाव. बटाटा. आई प्रत्येक वेळी आपला शब्द सांगायची, इरा दोन्ही म्हणून बघायची. रक्त धुतलं गेलं, पट्टी बांधली गेली, त्याचं कुणाला भानच नव्हतं. म्हातारीनं पावाचा तुकडा मोडून आईच्या हातावर ठेवला. आईनं पिशवीतून पुरी काढून तिला दिली. तिखट लागली असावी, पण तिनं ती सगळी खाल्ली.

हॉटेलवर आल्यावर मी म्हटलं, "आई, आता पुरे. उरलेले दिवस खिडकीतून नदी बघ. पाय सुजलाय."

ती पलंगावर पाय लांब करून बसली होती. "पडले मी. रडतेस तू."

मी खरंच रडत होते. "तुला काही झालं असतं तर?"

"झालं असतं तर झालं असतं." मग तिचा आवाज बदलला. "अंजू, हे बघ. दिसेनासं होणार आहे, ते मी मान्य केलंय. पण त्याआधीच मला घरी बसवू नकोस. तुझी भीती मला समजते. ती तुझ्यापाशी ठेव, माझ्या पायात बांधू नकोस."

असं ती माझ्याशी त्यापूर्वी कधी बोलली नव्हती. मी बराच वेळ बर्फाची पिशवी तिच्या गुडघ्यावर धरून बसले. मग विचारलं, "उद्या कुठे?"

"ते छप्पर नसलेलं चर्च," ती म्हणाली.

शहराच्या मधोमध, उंचावर, ते उभं आहे. फार पूर्वी मोठा भूकंप झाला, लिस्बन कोसळलं आणि जळालं, आणि ह्या चर्चचं छप्पर गेलं ते पुन्हा घातलंच नाही. वर नुसत्या कमानी, फासळ्यांसारख्या, आणि त्यांच्या पलीकडे आकाश. जमिनीवर गवत. चढायला आम्हाला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागला. दर दहा पावलांना थांबत होतो. इरा मराठीत सांगत होती, मी नकाशा पिशवीत टाकून आईचा दुसरा हात धरला होता.

आत गेल्यावर आईनं टोपी काढली. ती मान वर करून एकेक कमान बघू लागली. मी काही बोलायला गेले तर म्हणाली, "थांब. मला एका वेळी एकच दिसते." सगळ्या बघून होईपर्यंत आम्ही उभ्या राहिलो. मग ती एका पडलेल्या दगडावर बसली.

"आपल्या किल्ल्यासारखंच," ती म्हणाली. "मी पोरांना सांगायचे, बघा, साम्राज्याचं काय होतं ते. मला वाटायचं, त्यांची घरं इकडे धड असतील." तिनं काठी गवतात टेकली. "हे तटावर उभं राहून शिकवायला हवं होतं. एक तास तरी."

ती उरलेले चारही दिवस चालली. हळू, पट्टी बांधून, पण चालली. वसईला परतल्यावर तिनं तो तास घेतलासुद्धा. शाळेनं बोलावलं, नववीच्या मुलांना घेऊन ती किल्ल्यात गेली. दोन हजार सहाच्या दिवाळीपर्यंत उजव्या डोळ्याची खिडकीही मिटली. आता तिला उजेड आणि अंधार कळतो, बाकी नाही. फोनवर ती मला लिस्बनमधल्या गोष्टी सांगते, ट्रामचा पिवळा नेमका कसला होता, म्हातारीच्या दाराचा हिरवा कसला. मी नीट बघितलंच नव्हतं. मी तिच्या पायांकडे बघत होते.

प्राजक्ताला मी शेवटची टीप दिली, "सासूबाईंना काय बघायचंय ते त्यांनाच विचार. यादी त्यांना करू दे." तिनं लिहून घेतलं, पण तिला ते फारसं प्रॅक्टिकल वाटलं नसावं.

निघायच्या दिवशी लिस्बनच्या विमानतळावर आमची ताटातूट होती. आई मुंबईकडे, आम्ही दोघी शिकागोकडे. तिच्यासाठी चाकांची खुर्ची सांगून ठेवली होती. ढकलणारी मुलगी आली, आईनं तिला नमस्कार केला, माझ्या गालावरून हात फिरवला, इराच्या डोक्यावर ठेवला, आणि पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसली. "जाऊन पोचले की फोन करते. मिलिंदला सांग, पुढच्या वेळी यायचं."

खुर्ची तपासणीच्या रांगेकडे निघाली. माणसं आड येत होती, पुन्हा बाजूला होत होती, आणि मधूनच आईचा पांढरा अंबाडा दिसत होता. तिनं एकदा मान वळवून मागे पाहिलं. त्या गर्दीत, त्या एवढ्याशा खिडकीतून, आम्ही तिला सापडणं शक्य नव्हतं. ती भलत्याच दिशेला बघून हसली आणि पुढे वळली.

इरा टाचा उंचावून, हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवत होती.

मी म्हटलं, "इरा, बस. आजीला दिसत नाहीये."

"आय नो," ती हात खाली न घेता म्हणाली. "बट आय कॅन स्टिल सी हर."

मग मीही हात वर केला. काचेचं दार सरकून मिटेपर्यंत आम्ही दोघी हलवत राहिलो.